आपल्या जुन्या फाइली कोण उघडणार?

पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात भरले. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मराठी मुस्लिमांनी कथा, कविता, आत्मकथने, वैचारिक लेख असे बरेच लिहिले. छोटी मासिके निघाली, स्मरणिका निघाल्या, संस्थांचे अहवाल निघाले. हा सगळा काळ डीटीपीचा होता. खिळे जुळवणारे कंपोझिटर मागे पडले होते आणि युनिकोड अजून छापखान्यात पोचला नव्हता. मजकूर संगणकावर टाइप व्हायचा, पेजमेकरमध्ये पान लागायचे, लेझर प्रिंट निघायची आणि ती ऑफसेटवर जायची. छापील प्रती जेमतेम काही शे निघत आणि त्यातल्या बऱ्याच रद्दीत जात. फाइल मात्र कुठेतरी राहून गेली. कुणाच्या फ्लॉपीत, कुणाच्या सीडीत, कुणाच्या माळ्यावरच्या बंद संगणकात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या काही लेखक-संपादकांच्या अशा फाइली उघडून देण्याचे काम मी सुट्टीच्या दिवशी करतो. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. या फाइली नुसत्या कॉपी करून ठेवल्याने वाचत नाहीत. त्यांच्यासोबत त्यांचे सॉफ्टवेअर आणि त्यांचे फॉन्टही चालते ठेवावे लागतात. आज ते एम्युलेशनने करता येते. पण त्यासाठी लागणारी माणसे आणि साहित्य आणखी दहा वर्षांनी हाताशी असतीलच असे नाही.

फाइल आहे, पण अक्षरे नाहीत

नव्या लॅपटॉपवर जुनी मराठी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हांचा खच दिसतो. बरेच जण फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकतात. खरे तर ती बहुतेक वेळा ठणठणीत असते.

त्या काळच्या फॉन्टमध्ये एका अक्षरासाठी आठ बिट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा होत्या. देवनागरीची सगळी जोडाक्षरे त्यात मावत नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धा ग वेगळा, त्याचा दंड वेगळा, रफार वेगळा, वेलांटी वेगळी. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. १९९१ मध्ये इस्की नावाचे भारतीय मानक ठरले होते, पण छापखान्यातले फॉन्ट आपापल्या वाटेने गेले. त्यामुळे फाइलीत ‘मराठी’ असे काही नसतेच, असतात ते आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणता तुकडा, हे फक्त तो एक फॉन्ट जाणतो. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

युनिकोडने हा घोळ संपवला. विंडोज २००० पासून मराठी युनिकोडमध्ये टाइप करता येऊ लागले. पण पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. छापखाने पुढे कित्येक वर्षे तेच वापरत राहिले आणि आपले साहित्यही त्यातच अडकत गेले.

एम्युलेशन म्हणजे काय

जुना प्रोग्राम नव्या संगणकावर का चालत नाही? कारण तो एका ठरावीक प्रोसेसरसाठी आणि ठरावीक विंडोजसाठी लिहिलेला असतो. विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच आहे. ॲपलचे २०२० नंतरचे मॅक वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरवर चालतात.

एम्युलेटर हा एक असा प्रोग्राम आहे जो जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करतो. जुना प्रोग्राम प्रोसेसरला सांगतो, ‘हे दोन आकडे मिळव, बेरीज त्या खान्यात ठेव.’ एम्युलेटर ती सूचना वाचतो आणि आजच्या मशीनकडून तेच काम करवून घेतो. पडदा, कीबोर्ड, फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटरचा पोर्ट, सगळ्याची अशीच नक्कल. बिचाऱ्या प्रोग्रामला वाटते की आपण अजून १९९६ मध्येच आहोत. तीस वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरच्या मानाने आजचा साधा लॅपटॉप इतका वेगवान आहे की एवढी मधली दुभाषेगिरी करूनही काम अडत नाही.

डॉससाठी डॉसबॉक्स आहे. ते २००२ पासून मोफत मिळते. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेले क्यूएमू, आणि जुन्या पीसीची सुट्या भागांपर्यंत नक्कल करणारे ८६बॉक्स, हीदेखील मोफत आणि खुली सॉफ्टवेअर आहेत. तरुण मुलांना एम्युलेटर माहीत असतो तो जुन्या व्हिडिओ गेममुळे. गेम खेळा, जरूर खेळा. पण ज्या साधनाने मारिओ चालतो त्याच जातीच्या साधनाने आपल्या गावच्या मासिकाचा १९९८ चा अंकही उघडतो.

ब्रिटनमधले एक उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने जमीनजुमल्याची मोठी नोंद करवली, ते डोम्सडे बुक. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये त्याची नवी, संगणकीय आवृत्ती काढली. शाळकरी मुलांसह लाखो लोकांनी आपापल्या भागाची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. ती लेझर डिस्कवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. चामड्यावर लिहिलेले ९०० वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचता येत होते आणि कालपरवाचे संगणकीय पुस्तक नाही! शेवटी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ मध्ये त्या जुन्या यंत्रणेचा एम्युलेटर तयार करून ते पुन्हा उघडून दाखवले. बीबीसीसारख्या संस्थेची ही गत, तर तालुक्याच्या गावी निघालेल्या आपल्या मासिकाची काय कथा?

नुसते कन्व्हर्टर का पुरत नाही

लोक विचारतात, ‘एवढा खटाटोप कशाला? जुन्या फॉन्टचे युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात की.’ मिळतात, आणि ते वापरायलाच हवेत. पण मूळ पान समोर नसेल तर कन्व्हर्टरने काय बिघडवले ते कळणार कसे?

जुन्या फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलटे: वेलांटी नंतर, रफाराचा र आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आले की तो हमखास घसरतो. आता आपली नावे पाहा. अब्दुर्रहमान, मोहिद्दीन, फख्रुद्दीन, शम्सुन्निसा. रफार, वेलांटी आणि जोडाक्षर यांची नुसती रेलचेल. एका जमातीच्या जुन्या निकाह नोंदींची यादी मी कन्व्हर्टरमधून काढली तेव्हा अब्दुर्रहमानचा रफार एक घर पुढे सरकून ‘अब्दुरर्हमान’ तयार झाला होता. एम्युलेटरमध्ये मूळ पान शेजारी उघडे होते म्हणून तो लगेच दिसला.

कथेत असे झाले तर वाचक समजून घेईल. पण नोंदवहीत, वारसाच्या कागदात, शाळेच्या दाखल्याच्या यादीत एका अक्षराचा फरक काय करतो हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. नाव आधारवर एक, दाखल्यावर दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरे, यापायी कचेऱ्यांचे खेटे घातलेली माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. म्हणून जुन्या नोंदी नव्या रूपात आणताना मूळ पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहणे हा सोपस्कार नाही, गरज आहे.

छापील प्रत स्कॅन करून भागेल, असेही म्हटले जाते. प्रत असेल तर जरूर करा. पण सगळ्याच गोष्टी छापल्या गेल्या नाहीत. बैठकांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, सभासदांच्या याद्या, कापाकापी होण्याआधीचा लेखकाचा मूळ मसुदा, हे फक्त फाइलीतच आहे.

उर्दूचीही तीच कथा

आपल्यातल्या अनेक घरांत मराठीइतकीच उर्दूही वाचली जाते. उर्दूची वर्तमानपत्रे आणि पुस्तके फार काळ कातिब हाताने लिहीत. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, अक्षर शेजाऱ्यानुसार रूप बदलते. खिळ्यांत ती नीट बसलीच नाही. मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून मोनोटाइप कंपनीने १९८१ मध्ये नूरी नस्तालीक तयार केली. त्यात अक्षरांचे हजारो जोड एकेक करून लिहिले होते. १९९४ मध्ये इनपेज आले आणि नूरी नस्तालीक साध्या पीसीवर पोचली. मुंबई, मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, जिथे जिथे उर्दू छापली जाते तिथे इनपेज हा रोजचा शब्द झाला.

पण इनपेजच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही युनिकोडच्या नव्हत्या. त्यांची फाइल त्यांच्याच पद्धतीची. मजकूर बाहेर काढणारे कन्व्हर्टर आहेत, पण पानाची मांडणी, तक्ते, शेरांची सजावट बाहेर येत नाही. ते पाहायचे तर जुने इनपेज जुन्या विंडोजमध्येच चालवावे लागते. हाताने लिहिणाऱ्या कातिबांची कला मागे पडताना पाहिलेल्या समाजाने त्यांच्या जागी आलेल्या फाइलीही गमवाव्यात, हे मला पटत नाही.

लॉक आणि कायदा

यात दोन खऱ्या अडचणी आहेत. पहिली, त्या काळच्या बऱ्याच भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरना लॉक असायचे. प्रिंटरच्या पोर्टला लावायची ती छोटी डबी. ती नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नाही. यूएसबी लॉक असेल तर एम्युलेटरला जोडून देता येते, जुन्या लॉकचे मात्र अवघड. अशा ठिकाणी जुना संगणक चालू आहे तोवर त्यावरच सगळ्या फाइलींच्या प्रिंट फाइली काढून ठेवाव्यात.

दुसरी अडचण कायद्याची. सॉफ्टवेअर जुने झाले, कंपनी बंद पडली, म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिची बॅकअप प्रत करता येते. म्हणजे मूळ सीडी किंवा फ्लॉपी जपून ठेवण्याला अर्थ आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगते. माझे मत असे की ज्या कंपन्या आजही आहेत त्यांनी आपल्या जुन्या आवृत्त्या आणि फॉन्ट ग्रंथालयांना व संस्थांना लॉकशिवाय मोकळे करून द्यावेत. विक्री संपलेल्या मालावर कुलूप ठेवून त्यांना काही मिळत नाही, समाजाचे मात्र नुकसान होते. ही मागणी मराठी आणि उर्दू, दोन्हीकडच्या लेखकांनी, ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी एकत्र केली पाहिजे.

आपण काय करू शकतो

संगणक शिकलेल्या तरुणांनी आपल्या गावातले एक मासिक, एक संस्था किंवा एक लेखक निवडावा. क्रम असा ठेवावा:

१. फ्लॉपीची लिहिण्यास मनाई करणारी खिडकी आधी उघडी करा. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. एकेक फाइल कॉपी करण्याऐवजी आख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्या.

२. फाइलीसोबत फॉन्ट, सॉफ्टवेअरची सीडी आणि कीबोर्डच्या मांडणीचा कागदही जपा.

३. एम्युलेटरमध्ये जुनी विंडोज बसवा, पण तिला इंटरनेट जोडू नका. जुन्या फाइलींत जुने व्हायरसही असतात.

४. आतून पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून ‘फाइलीवर प्रिंट’ करा. बाहेर घोस्टस्क्रिप्टने त्याची पीडीएफ होते. फॉन्ट आत बसल्यामुळे पान कुठेही तसेच दिसते.

५. मग युनिकोड करा आणि पीडीएफ शेजारी ठेवून वाचून तपासा. मूळ फाइल, पीडीएफ आणि युनिकोड, तिन्ही ठेवा. एक संच संस्थेकडे, एक ग्रंथालयात, एक ऑनलाइन. खासगी नावे असलेल्या नोंदी ऑनलाइन टाकू नका.

याहून महत्त्वाचे एक काम आहे, आणि ते मशीनचे नाही. ज्यांनी ही पाने लावली ते डीटीपीवाले चाचा आज साठीच्या पुढे आहेत. कोणत्या अंकाला कोणता फॉन्ट होता, ‘क्ष’ कुठल्या कळीवर होता, ‘एमएम९७फायनल२’ या नावाच्या फाइलीत नेमके काय आहे, हे त्यांच्या डोक्यात आहे. ते कोणत्याही एम्युलेटरमध्ये नाही. त्यांच्याकडे जा, चहा घ्या, शेजारी बसून लिहून घ्या. या रविवारी गेलात तर उत्तम.