पहिला महिना

कुर्ला पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत सकाळी ऑफिसवाल्यांच्या गर्दीत कडक इस्त्रीच्या शर्टातली, कागदपत्रांची फाइल छातीशी धरलेली मुलंही दिसतात. ती निघालेली असतात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत, विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखतीला. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो आईच्या पर्समध्ये. आई बाहेर ताटकळत उभी.

घरात तोवर चर्चा झालेली असते ती गुणांची, फीची, कर्जाच्या हप्त्यांची. परदेशात राहायचं कुणाबरोबर, जेवायचं काय, एकटं वाटलं तर बोलायचं कुणाशी, हे विचारायचं राहूनच जातं. आम्हाला हेच प्रश्न आधीचे वाटतात.

हे प्रश्न जुनेच आहेत. १९१३च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोहोचले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती. पण हार्टले हॉल हे पहिलं वसतिगृह त्यांनी थोड्याच दिवसांत सोडलं. तिथलं जेवण त्यांना रुचेना. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाची सोबत मिळाली आणि बस्तान बसलं. ही मैत्री टिकली. लंडनमध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२०मध्ये बाबासाहेब पुन्हा तिकडे निघाले, तेव्हा भथेनांनीही पैशांची मदत केली. बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ असतात. या सोबत्याचं नाव मात्र क्वचितच कानी येतं.

म्हणूनच या अंकासाठी नुकत्याच परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही फक्त पहिल्या महिन्याबद्दल लिहायला सांगितलं. करपलेला भात, भाड्याची खोली, डोक्यावरून गेलेलं पहिलं लेक्चर, सगळं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आहे. मुलांच्या आधी ते आईवडिलांनी वाचावं.