एक थोरला की दोन धाकटे?

'डॉल्बी' हे खरं तर रे डॉल्बी नावाच्या इंजिनिअरचं आडनाव. पण कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगून बघा! आमच्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ती पुढून गेली की छातीचा पिंजरा हलतो. त्यामुळे घरात होम थिएटर घ्यायचं म्हटलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, ''बेस किती इंची?''

शाहूवाडीच्या माझ्या चुलतभावानंही परवा फोनवर तेच काढलं. नवं स्लॅबचं घर, सोळा बाय बाराचा हॉल. ''दादा, एकच बारा इंची सबवूफर घेऊ का दोन आठ इंची? दुकानदार म्हणतोय मोठाच घे.''

नुसत्या आकड्यांवर दुकानदार चुकत नाही. स्पीकरच्या शंकूचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. बाराचा वर्ग १४४, दोन आठांचे मिळून १२८. शिवाय आवाज तेवढाच ठेवून ४० हर्ट्झवरून २० हर्ट्झपर्यंत खाली उतरायचं, तर चौपट हवा ढकलावी लागते. तितक्या खोल बेसची हौस असेल तर थोरलाच बरा.

पण मंडळी, मिरवणूक उघड्यावर असते आणि हॉलला भिंती असतात! उघड्यावर स्पीकर एकावर एक रचले की ताकद वाढते, विषय संपला. बंद खोलीत मात्र लाटा भिंतींवरून परततात. १६ फूट लांबीची खोली सुमारे ३५ हर्ट्झला स्वतःच घुमायला लागते, १२ फूट रुंदीची ४७ ला. अशा वेळी भिंतीपाशी बेसचा धबधबा आणि बरोबर मधोमध ठणठणाट. म्हणजे मधल्या खुर्चीतले साहेब रिमोटनं बेस चढवतायत आणि भिंतीलगतच्या कॉटवर आजीच्या कानात दणदण! ''बंद कर बाबा ते'' असं ती म्हणणार नाही तर काय?

हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये नेमका याच प्रश्नाचा अभ्यास मांडला. सबवूफर किती आणि कुठे ठेवले तर प्रत्येक जागी बेस सारखा मिळेल? समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मधोमध एकेक ठेवला, तर दोनच सब जवळजवळ चारांचं काम करतात, असं त्यात दिसलं. कारण सोपं आहे. झोपाळ्याला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सारखाच धक्का दिला तर तो जागचा हलत नाही. लांबीतली ती ३५ हर्ट्झची घुमणूक तशीच दबते.

''टीव्हीसमोर बसणार किती जण?'' मी विचारलं. ''आई, आजी, पोरं धरून सात.'' मग दोन धाकटे घे, म्हटलं.

प्रत्येकाचं उत्तर हेच असेल असं नाही हं. एकटेच ऐकत असाल तर एक थोरला आणि चांगला इक्वलायझर पुरतो. एका खुर्चीपुरता तो फुगवटा उतरवतो, सातही जागा एकदम सुधारणं त्याला जमत नाही. जुन्या कौलारू सोप्यात तर बेस कौलांतून, दारांतून बाहेरच पळतो. तिथं घुमणं कमी, गळती जास्त. अशा घरात मोठाच कामाला येतो.

दोन घेणार असाल तर एकाच मॉडेलचे घ्या. अ‍ॅम्प्लिफायरमागे सबची एकच पिन असली तरी साध्या वाय-केबलवर दोन्ही चालतात. साउंडबारच्या वायरलेस सबला जोडीदार चालतो का, हे मात्र आधी विचारून घ्या. एकच घेणार असाल तर ही युक्ती करा. सब आपल्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेनं वाकून फिरा. जिथं बेस स्वच्छ ऐकू येईल, तिथं सब ठेवा. घरचे हसतील, हसू दे!

आणि हो, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बेस भिंत ओलांडून सगळ्यात आधी शेजाऱ्याकडेच पोचतो.

तेव्हा दुकानात इंच मोजायच्या आधी घरातल्या खुर्च्या मोजा. आणि आजीची कॉट धरायला विसरू नका!