फिर्यादीची प्रत हातात पडेपर्यंत

मुंबईच्या पोलिसांचे काय चुकते याची चिंता मानोरा तालुक्यातल्या इंझोरीने कशाला करायची, असे कोणी विचारले तर त्याला परभणीची आठवण करून द्यावी. वाशीम ओलांडले की हिंगोली, हिंगोली ओलांडली की परभणी. त्या परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा अभियंता घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर, डिसेंबर २००२ मध्ये, मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेला आणि जानेवारीत नाहीसा झाला. औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. सीआयडीच्या तपासात ही कहाणी टिकली नाही. चौदा पोलिसांची नावे पुढे आली; खटला चालवायला सरकारने परवानगी दिली ती चौघांवरच. स्फोटाच्या खटल्यात त्याच्याबरोबरचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. तो जिवंत असता तर तोही घरी आला असता, असे मानायला जागा आहे.

त्या चौघांतला एक अधिकारी सचिन वाझे. २००४ मध्ये तो निलंबित झाला, जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत आला, आणि मार्च २०२१ मध्ये उद्योगपतीच्या घराबाहेर स्फोटकांनी भरलेली गाडी ठेवल्याच्या प्रकरणात त्याला एनआयएने अटक केली. आठवडाभरात मुंबईचे मावळते आयुक्त परमबीर सिंह यांनी गृहमंत्र्यांवर महिन्याला शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारे पत्र लिहिले. गृहमंत्र्यांनी तो नाकारला. कोण खरे, हे न्यायालय ठरवील. आमचे म्हणणे एवढेच की परभणीच्या मुलाचा हिशेब वेळेवर मागितला गेला असता, तर २०२१ चे ते प्रकरण तिथवर पोचलेच नसते.

परभणीने पुन्हा तेच दुःख पाहिले. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमा नोंदल्या गेल्या, तरी पोलिसांवर गुन्हा नोंदवायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथून रिकाम्या हाताने परतले. मृताच्या घरच्यांसमोर सरकारनेच वकील उभा करावा, हे आम्हाला फार लाजिरवाणे वाटते.

विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. जग तिला मथुरा या नावाने ओळखते. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर महिलांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि माझी संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, की ते खरे मानायचे, हे तत्त्व देशाला मिळाले. ते दिल्लीच्या कुठल्या समितीतून आलेले नाही. झाडीपट्टीतल्या एका ठाण्यातून आलेले आहे.

मग सुधारणा अडली कुठे? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले: अधिकाऱ्यांना ठरलेली मुदत, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगवेगळी, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण वगैरे. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला तो २०१४ मध्ये. निरीक्षकाला ठाण्यात दोन वर्षे असे त्यात लिहिले, आणि त्याच कलमात ‘सार्वजनिक हित’ व ‘प्रशासकीय निकड’ या शब्दांनी मुदतपूर्व बदलीची वाटही ठेवली. आपली बदली कोणाच्या शब्दावर होते हे ज्या ठाणेदाराला ठाऊक आहे, तो त्याच्याच मर्जीकडे पाहणार. प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी, असे न्यायालयाने सांगितले होते. राज्याने ती नाकारण्याची मुभा स्वतःकडे ठेवली.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे या सगळ्यांची तक्रार या प्राधिकरणाकडे करता येते. राज्य प्राधिकरण मुंबईत आहे. विभागीय पातळीवर इंझोरीसाठी ते अमरावतीला हवे, नियमित सुनावणी घेणारे आणि महिन्यातून एकदा तरी वाशीमला येऊन बसणारे. पेरणीच्या दिवसांत रोजी बुडवून मुंबई गाठणे मजुराला जमणार नाही, आणि मानोरा तालुक्यात मजूरच जास्त आहेत.

तालुक्यातल्या तांड्यांवरून माणसे ऊसतोडीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. परक्या शहरातल्या ठाण्यात त्यांना ओळखणारे कोणी नसते. त्यात पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या कपाळी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण गावात चोरी झाली की पहिली नजर अजून त्यांच्याच पालांकडे वळते. गावानेही याचा विचार केला पाहिजे, कारण ती नजर फक्त पोलिसांची नसते.

बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना ठाण्यात सुमारे बारा तास बसावे लागले. ते शहर मुंबईच्या कुशीत, कॅमेऱ्यांच्या गराड्यात. ‘आपसात मिटवा’, ‘एनसी करून टाकतो’, ‘साहेब आले की या’ हे खेड्यात ऐकून परतलेल्यांची गणती तर कोणी करतच नाही. वास्तविक दखलपात्र गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेनुसार हद्द कोणाचीही असो, फिर्याद घ्यावीच लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहिता येते, त्यानेही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे आवाजासहित चित्रण किमान वर्षभर जपायचे, हा २०२० चा आदेश आहे. पोलिसांनी नाही म्हटले त्या दिवसाचे चित्रण मागण्याचा विचार किती जणांच्या मनात येतो?

पोलीस शिपायाचेही ऐकले पाहिजे. बंदोबस्त, निवडणूक, यात्रा, पोहरादेवीची गर्दी. चौदा-चौदा तास उभा राहिलेला माणूस फिर्यादीशी नीट बोलेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाच्याच कल्पनेतून, आणि पुढे तो मुंबईभर नेला गेला. ती सोय विदर्भातल्या ठाण्यांना का नको? बीट जमादाराला झोप मिळाली तर तक्रारदारालाही धीर मिळेल.

हे सारे मुंबईच्या बैठकांत अडकून राहू नये म्हणून एक काम इंझोरीच्या ग्रामपंचायतीने या महिन्याच्या ग्रामसभेत हाती घ्यावे. पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीला बसवून फलकावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात: फिर्यादीची प्रत फुकट मिळते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, नकार मिळाल्यास अधीक्षकांना कुठल्या पत्त्यावर लिहायचे, आणि पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची. ठाणेदारांना बोलावून त्यांच्याच हस्ते तो फलक लावावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतल्या पोरांनी तो दर ग्रामसभेत मोठ्याने वाचावा.