माळ्यावरचा सामुराई



पितृपक्ष संपला की आपल्या घरांत दोन कामं निघतात. एक म्हणजे माळा खाली करणं, आणि दुसरं म्हणजे भंगारवाल्याला हाक मारणं. रामघाटाच्या वरच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांना हे काम जरा जास्तच पडतं. पावसाळ्यात क्षिप्रा चढते, घाटावरची लहान देवळं पाण्याखाली जातात आणि ओल भिंतींतून हळूहळू वर येते. दसऱ्याच्या उन्हात गाद्या, ट्रंका, पितळी भांडी सगळं गच्चीवर येतं. त्या ढिगात कित्येक घरी एक प्लास्टिकचा डबा असतो, त्याच्याभोवती वायर गुंडाळलेली असते आणि तो कोणाचा हे विचारलं की बाबा किंवा काका एकदम तरुण होतात. तो आपला नव्वदच्या दशकातला ‘व्हिडिओ गेम’!

या वेळी त्याच्याबद्दल लिहितोय, कारण तो भंगारात जायचा मोसम हाच आहे.

नक्कल, पण घरोघरची

निन्टेन्डोचं ‘फॅमिकॉम’ जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलं. अमेरिकेत ते १९८५ मध्ये ‘एनईएस’ या नावाने गेलं. आपल्या घरांत मात्र आलं ते बहुतेक वेळा त्याची नक्कल असलेलं यंत्र: सामुराई, मीडिया, लिटल मास्टर किंवा खोक्यावर काहीच नाव नसलेलं. आत मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, आणि कॅसेटवर छापलेलं ‘९९९९ इन १’. त्यातले खरे गेम बोटांवर मोजण्याइतकेच, बाकी तेच पुन्हा पुन्हा.

नक्कलच का? हिशोब सोपा होता. सेगा कंपनीने १९९५ मध्ये मेगा ड्राइव्ह भारतात रीतसर विकायचं ठरवलं. ८० टक्के आयात शुल्क टाळण्यासाठी शॉ वॉलेसबरोबर करार केला (हो, तीच मद्यवाली कंपनी!), तरीही किंमत पडली १८,००० रुपये. त्या काळात नोकरदार घरात एवढे पैसे खेळण्यावर कोण घालणार? मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचा पालिका बाजार अशा ठिकाणांहून नकली सेट गावोगावी पोचले. परवान्याशिवाय केलेली नक्कल होती ती, हे झाकायचं काहीच कारण नाही.

पण याचा एक परिणाम आपल्याला आता जाणवतो. निन्टेन्डोचा इतिहास निन्टेन्डोकडे आहे, संग्राहकांकडे आहे, पुस्तकांत आहे. आपल्या नकली सेटचा इतिहास कोणाकडे आहे? बनवणाऱ्याने नाव लिहिलं नाही, मॅन्युअल दिलं नाही, सर्किटचा नकाशा छापला नाही. एका नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळे बोर्ड निघतात. म्हणजे भारतात पहिल्यांदा कॉम्प्युटर नावाची वस्तू ज्या रूपात हजारो मुलांच्या हातात पडली, त्या वस्तूची नोंद फक्त आपल्या माळ्यांवर आहे. ती फेकली की संपली.

‘गेम तर मोबाईलवर मिळतो की!’ असं घरातली मुलं म्हणतील. खरं आहे. सुपर मारिओचा सगळा गेम ४० किलोबाइटचा, घरच्या ग्रुपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. गेम कुठेही जात नाही. जातं ते यंत्र: २ किलोबाइट मेमरीत हे सगळं बसवणारं, दोन भावंडांना एकाच टीव्हीसमोर एकाच सतरंजीवर बसवणारं. म्हणून ते दुरुस्त करायचं. आणि ते आपल्याला वाटतं तितकं अवघड नाही.

आधी प्लग लावू नका

डबा सापडला की पहिला मोह होतो तो लावून बघण्याचा. तो आवरा. जुन्या सेटचा जीव बहुतेक वेळा अडॅप्टरमुळे जातो, ज्याला आपण ‘एलिमिनेटर’ म्हणायचो. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनच्या आतल्या बाजूला ऋण टोक असतं. आज घरात पडलेल्या बऱ्याच अडॅप्टरांचं नेमकं उलट असतं. अमेरिकेतून मामाने आणलेलं एनईएस असेल तर आणखी गंमत: त्याचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो आणि तो १२० व्होल्टच्या प्लगसाठी बनवलेला असतो. आपल्या २३० व्होल्टमध्ये लावला तर तो जळतोच. आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो वाचवलात, तरी नकली सेटला जोडलात तर सेट जाऊ शकतो.

म्हणून एक साधा मल्टिमीटर घ्या. डब्याखाली काय छापलंय ते बघा, अडॅप्टर काय देतोय ते मोजा, दोन्ही जुळले तरच जोडा. आत बहुतेक सेटमध्ये ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो येणाऱ्या ९-१० व्होल्टचे पाच करतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो. त्याच्या बाहेरच्या पायावर पाच व्होल्ट मिळत नसतील तर तोच बदलायचा. पडद्यावर आडव्या लाटा सरकत असतील किंवा आवाजात घरघर असेल तर शेजारचा कॅपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी चिकट डाग असेल तर तो गेला. हे दोन्ही भाग कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरीत मिळतात. कॅपॅसिटरला धन-ऋण असतं, तेवढं काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

एक मर्यादा सांगतो. सुरुवातीच्या सेटमध्ये प्रोसेसर, चित्राची चिप, मेमरी हे सगळं वेगवेगळं असायचं. नंतरच्या स्वस्त सेटमध्ये सगळंच एका चिपमध्ये आलं, आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा थेंब ओतलेला असतो. तो थेंब गेला तर दुरुस्ती नाही. पण चालत नाही म्हणून टाकलेल्या सेटमध्ये बहुधा थेंब ठीक असतो, गेलेला असतो तो आजूबाजूचा किरकोळ माल.

फुंकरीचं खरं-खोटं

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. उज्जैनपासून ओसाकापर्यंत सगळ्या मुलांनी हेच केलं. तिचा उपयोग होत होता का? उपयोग होत होता तो कॅसेट काढून परत बसवण्याचा, कारण त्याने पिना नव्याने टेकत होत्या. फुंकरीतून जायची ती तोंडाची वाफ, आणि तिने तांब्यावर गंज चढतो. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं.

आज करायचं ते असं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घ्या आणि कॅसेटच्या पिना एकाच दिशेने पुसा. बड काळा व्हायचा थांबेपर्यंत बदलत राहा. नंतर तीच कॅसेट चार-पाच वेळा लावा-काढा, म्हणजे सेटच्या आतला कनेक्टरही साफ होतो. खोडरबर शेवटचा उपाय, कारण तो मुलामाही घासून काढतो.

रिमोट

कंट्रोलरला आपण रिमोटच म्हणायचो, आणि सगळ्यात आधी तोच बिघडायचा. उघडून बघा, फार सुंदर रचना आहे. आठ बटणं (चार दिशा, ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट), पण कामाच्या तारा फक्त पाच. दोन विजेच्या, उरल्या तीन. एका तारेवरून सेट सांगतो, ‘आत्ता कोणती बटणं दाबलीत ते धरून ठेव.’ दुसऱ्या तारेवरून आठ टिचक्या देतो. प्रत्येक टिचकीला तिसऱ्या तारेवरून एकेका बटणाचं उत्तर येतं: दाबलंय, नाही, नाही, दाबलंय. मूळ रिमोटमध्ये हे काम ४०२१ नावाची एक साधी चिप करते. घरात इंजिनिअरिंगला गेलेलं कोणी असेल तर त्याला हे दाखवा, शिफ्ट रजिस्टर एका मिनिटात समजेल.

यातूनच बिघाड ओळखायची युक्ती मिळते. एकच बटण चालत नसेल तर दोष रबरात किंवा बोर्डाच्या त्या जागेत. सगळीच बंद असतील तर दोष तारेत, कारण तारा सगळ्यांच्या सामाईक आहेत.

रबर असेल तर: बटणाखालच्या रबराला काळा कार्बनचा ठिपका असतो, तो बोर्डावरच्या दोन रेघा जोडतो. त्यावर वर्षानुवर्षांचा घाम आणि शेवेचं तेल बसलेलं असतं (माळव्यातले रिमोट लगेच ओळखू येतात!). रबर कोमट साबणपाण्यात धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. बोर्ड अल्कोहोलने पुसा. तरीही चालत नसेल तर ठिपक्यावर मऊ शिशाची ६बी पेन्सिल घासून बघा. हा तात्पुरता उपाय आहे. टिकाऊ हवा असेल तर कंडक्टिव्ह पेंट मिळतो.

तार असेल तर: ती जवळजवळ नेहमी रिमोटच्या तोंडापाशी तुटते, जिथे आपण ओढायचो तिथेच. तेवढे चार-पाच सेंटिमीटर कापून टाका आणि रंग बघून पुन्हा सोल्डर करा. सोल्डरिंग शिकायला याहून चांगला पहिला धडा नाही. मुलांबरोबर करा, खिडकी उघडी ठेवून.

प्ले स्टेशनच्या काठीवाल्या रिमोटचं दुखणं वेगळं. हात न लावता माणूस आपोआप चालायला लागतो, कारण काठीखालच्या पोटेन्शिओमीटरची कार्बनपट्टी झिजलेली असते. साफ करून काही दिवस चालतं, मग तो भागच बदलावा लागतो.

बंदूक का चालत नाही

‘सगळं दुरुस्त केलं, पण बदक मरत नाही!’ ही तक्रार हमखास येते. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. डोळ्याला आधी काळं, मग नेमक्या वेळी पांढरं दिसलं तर नेम लागला. हे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बसवलेलं आहे. एलईडी टीव्ही तेच चित्र जरा उशिरा दाखवतो, तोपर्यंत सेटने ‘चुकला’ असं ठरवून टाकलेलं असतं. बंदूक बिघडलेली नाही.

म्हणून कोणाकडे जुना पेटी टीव्ही चालू असेल तर तोही टाकू नका. फक्त त्याचं मागचं झाकण उघडायचं नाही. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले राहू शकतात. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचंच.

ठेवायचं कसं

आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे ओल, आणि तिच्यावर आपण करतो ते काही उपायही घातकच. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून खराब होतं. वायर डब्याभोवती गुंडाळू नका. वायरीच्या आवरणातलं तेलकट द्रव्य डब्यात उतरतं आणि कायमचे वळ उठतात. वायर वेगळ्या पिशवीत, सेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जागा माळ्यावर नाही तर कपाटात. ब्रिक गेमसारख्या हातातल्या खेळण्यांतले सेल आजच काढा. साध्या सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. अल्कलाइन सेलचा पाझर उलट, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर. वर्षातून दोनदा सेट काढून अर्धा तास खेळा. संक्रांत आणि उन्हाळ्याची सुट्टी चालेल.

आपल्या गावाला हे नवीन नाही. सवाई जयसिंगांची वेधशाळा मोडकळीला आली होती, तिची दुरुस्ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. आज तिथे सावली बघून वेळ सांगता येते ती त्या दुरुस्तीमुळे. खेळण्याची बरोबरी वेधशाळेशी नाही, पण यंत्र चालू ठेवायचं तर कोणीतरी वेळेवर हात घालावा लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम

सेट दुरुस्त होवो न होवो, एक काम याच दिवाळीत करा. बाबांना, काकांना, आत्याला समोर बसवा आणि विचारा: कोणी आणला, कुठून, केवढ्याला, कोणत्या परीक्षेच्या बक्षिसात? कॉन्ट्रामध्ये शेवटपर्यंत कोण पोचायचं? एका कागदावर लिहा आणि त्या डब्यात ठेवा. उघडलात तर आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिपवरचे नंबर वाचता येतील असे. ज्या यंत्राची कंपनीने नोंद ठेवली नाही त्याची हीच नोंद.

आणि टाकायचंच ठरलं तर आधी समाजाच्या ग्रुपवर एक फोटो टाका. दुसऱ्या कोणाचा तरी रिमोट तुमच्या सेटमधल्या एका रबरासाठी अडलेला असू शकतो.

पुढच्या अंकात बघू टेपरेकॉर्डर: पट्टा, हेड आणि आजीच्या आवाजातल्या त्या कॅसेट. तोपर्यंत माळा सांभाळून उतरवा. शुभ दीपावली!