पॅकेजमधली गाठ

अप्रायझलनं दिलं नसेल एवढं टेन्शन परवा एका पीडीएफनं दिलं. कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट. शुगर ओके, कोलेस्टेरॉल काठावर पास आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत : थायरॉइडच्या उजव्या बाजूला ६ मिलिमीटरची गाठ, टायरॅड्स ३. संपलं! डबा तसाच बंद, मीटिंगमध्ये लक्ष नाही, नुसतं गळा चाचपणं सुरू.

खरं तर ही सोनोग्राफी मला कुणी सांगितलीच नव्हती. पॅकेजच्या फॉर्मवर 'थोडे जास्त भरा, गळ्याची सोनोग्राफीही करा' असा ऑप्शन होता. पिझ्झ्यावर एक्स्ट्रा चीज घेतो ना, तसं टिक केलं.

संध्याकाळी जाफराबादला आईला फोन लावला. ती एकदम कूल. "अरे, एवढ्याशानं काय होतंय? तुझ्या मावशीच्या गळ्याला तर लिंबाएवढी गाठ आहे, दोन वर्षं झाली. मस्त कापूस वेचतेय." मला हायसं वाटलं. मावशीला काही होत नाही, मग मला काय होणार?

हार्मोन्सच्या डॉक्टरांनी मागे उभं राहून गळ्यावर बोटं ठेवली, घोटभर पाणी गिळायला लावलं, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "ही सोनोग्राफी केलीतच कशाला?" या प्रकारची गाठ अडीच सेंटिमीटरची झाल्याशिवाय सुईची तपासणीसुद्धा करत नाहीत म्हणे. दीडच्या आत असेल तर पुन्हा सोनोग्राफीही नाही. माझी तर ६ मिलिमीटर!

मग त्यांनी जे सांगितलं ना, ते ऐकाच मंडळी. धडधाकट माणसांच्या गळ्यावर मशीन फिरवलं तर कित्येकांत गाठी सापडतात, काही पाहण्यांत तर निम्म्याहून जास्त जणांत. दहापैकी साधारण नऊ गाठी साध्या. उरलेल्यांतही गोम आहेच. फिनलंडमध्ये १९८५ साली १०१ मृतदेहांच्या थायरॉइडचे पातळ काप काढून तपासले, तर ३६ जणांत बारीकसा कॅन्सर निघाला. जन्मभर त्याचा पत्ताच नव्हता!

आणि कोरिया. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत तो जोडून दिला (अगदी माझं पॅकेज!). २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण? जागच्या जागी. उलट दोन तृतीयांश जणांची अख्खी ग्रंथी काढली, म्हणजे जन्मभर रोज गोळी. ऑपरेशन झालेल्या १०० पैकी ११ जणांचं कॅल्शियम बिघडलं, दोघांच्या स्वरतंतूंना इजा. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे वर्षभरात ऑपरेशन्स एक तृतीयांशानं घटली. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर नोंदणीत बायकांमधलं हे प्रमाण बार्शीच्या ग्रामीण नोंदणीपेक्षा कित्येक पट आहे, आणि संशोधक त्याचा बराच भाग जास्तीच्या तपासण्यांच्या नावावर टाकतात. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं तर २०१७ मध्ये सरळ सांगून टाकलं : काही त्रास नसलेल्या मोठ्या माणसांची थायरॉइड कॅन्सरसाठी तपासणी करू नका.

(टीएसएचची रक्ततपासणी वेगळी बरं का. ऑफिसात 'मला थायरॉइड आहे' म्हणणाऱ्या मैत्रिणीची ग्रंथी बहुधा सुस्त असते, एवढंच. त्या तपासणीत कॅन्सर कळत नाही.)

मी हसत उठलो. जाता जाता म्हटलं, "माझ्या मावशीलाही दोन वर्षं आहे, चांगली लिंबाएवढी. तिलाही काही नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "वाढतेय? आवाज बसलाय का त्यांचा? घास अडकतो?"

एकाचंही उत्तर मला माहीत नव्हतं.

'काही नसताना शोधू नका' हे माझ्यासाठी होतं. डोळ्यांना दिसणारी गाठ म्हणजे शोधाशोध नव्हे, ती तक्रार झाली. आवाज घोगरा होणं, गिळताना अडणं, मानेला अवधाण, लहानपणी गळ्याला मिळालेलं रेडिएशन, घरात कुणाला थायरॉइड कॅन्सर, यातलं काही असलं तरी दाखवायलाच हवं. हिशेब उलटाच झाला होता की! गरज नसलेल्या माझा गळा एसीत बसून तपासून झाला आणि मावशी वेचणीची मजुरी बुडेल म्हणून जालन्याला जायला तयार नाही.

"दुखत नाही ना काही, कशाला पैसे घालायचे?" फोनवर मावशी. आवाज मला जरा घोगरा वाटला. की आता मलाच सगळीकडे तेच ऐकू येत होतं?

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. शनिवारी मावशीला घेऊन जाफराबादच्या स्टँडवरून जालन्याची एसटी. गाठ ३.८ सेंटिमीटर. सुईनं नमुना घेतला, दहा मिनिटांत मावशी बाहेर. "एवढंच व्हय?" म्हणाली आणि परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपली.

रिपोर्ट गुरुवारी आहे.