दुभाष्याची सेवा



परदेशी मिशनकार्याचा विषय निघाला, की दूरदेशाहून आपल्याकडे आलेले धर्मगुरूच आपल्याला आठवतात. परंतु आपल्या वसईचा एक सुपुत्र चारशे वर्षांपूर्वी जपानात सेवेस गेला होता. ते म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

किशोरवयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानला गेले व तेथील भाषा शिकले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा सफळ झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला. तोही सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीच्या भेटीतही त्यांनी तेच काम केले.

दुभाष्याने स्वतःचे काही बोलायचे नसते. दुसऱ्याचा शब्द निष्ठेने पोहोचवायचा असतो. मात्र गोन्सालो यांनी तो शब्द स्वतःच्या प्राणांनीही खरा केला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले, त्यांत फादर पेद्रोंसमवेत त्यांचा हा दुभाषीही होता. १८६२ साली ख्रिस्तसभेने या सर्वांना संतपद दिले.

आपल्या इचोड्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी कानी पडतात. ज्याला यांतील दोन भाषा येतात, त्याने दवाखान्यात किंवा कचेरीत अडलेल्या शेजाऱ्यासाठी बोलावे. परंतु त्याचेच म्हणणे सांगावे, आपला मोठेपणा त्यात मिसळू नये. अशा सेवेसाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.