प्रमाणपत्र, अनुभव आणि पेढीची सही

स्मरणिकेच्या संपादकांकडून लेखाची मागणी आली म्हणजे बाजारभाव, करपद्धती किंवा दळणवळण यांपैकी एखादा विषय आम्ही निवडीत आलो. यंदा मात्र विषय आमच्या गादीवर आपणहून चालून आला. आमचा भाचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, दिवाळीनंतर एके दिवशी दुपारी पेढीवर आला आणि एक कागद पुढे करून म्हणाला, "मामा, सही तेवढी करा. पी. एम. पी. च्या परीक्षेस बसतो आहे." कागदावर लिहिले होते की, सदर इसमाने आमच्या पेढीच्या बांधकामाचे व गुदाम-व्यवस्थेचे नेतृत्व सलग छत्तीस महिने केले. आम्ही चष्मा पुसला आणि कागद पुन्हा वाचला.

ही परीक्षा काय आहे हे आमच्या पिढीतील बहुतेक सभासदांस ठाऊक नसावे, म्हणून प्रथम तेवढे सांगतो. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात 1969 साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट नावाची संस्था स्थापन झाली. एखादे ठरावीक काम ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात पार पाडण्याची विद्या पद्धतशीर मांडावी, हा तिचा उद्देश. तिने 1984 साली पहिली परीक्षा घेतली आणि उत्तीर्ण होणारास 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल' ही पदवीवजा मान्यता दिली. तिलाच आपली मुले पी. एम. पी. म्हणतात. परीक्षेत 180 प्रश्न असतात आणि सुमारे चार तास बसावे लागते. नुसत्या व्याख्या पाठ करून भागत नाही. बहुतेक प्रश्न प्रसंग सांगून विचारले जातात : कंत्राटदार अमुक म्हणतो, मालक तमुक म्हणतो, पैसा संपत आला आहे, आता तुम्ही प्रथम काय कराल? उत्तीर्ण होण्यास किती गुण लागतात हे संस्था जाहीर करीत नाही. पास झाल्यावरही सुटका नाही. दर तीन वर्षांत साठ तासांइतके शिक्षण वा तत्सम काम दाखविले तरच मान्यता चालू राहते.

परंतु या परीक्षेचा खरा उंबरठा प्रश्नपत्रिकेपूर्वीच लागतो. पदवीधर उमेदवाराने किमान 36 महिने आणि केवळ शालान्त शिक्षण झालेल्याने 60 महिने प्रत्यक्ष कामांचे नेतृत्व केलेले असावे लागते, शिवाय 35 तासांचे रीतसर शिक्षणही हवे. एकाच महिन्यात दोन कामे चालविली तरी तो महिना एकदाच मोजतात. घरचे लग्न किंवा शाळेचे स्नेहसंमेलन पार पाडले, हे या हिशेबात धरीत नाहीत. आपल्याकडे दोन हजार पानांचे लग्न चार दिवसांत निभावून नेणाऱ्या वडीलधाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांना ही अट ऐकविली तेव्हा त्या हसल्या, आणि त्यांचे हसणे आम्हांस अगदीच अस्थानी वाटले नाही.

आता मताकडे वळतो. आमच्या बाजारात दोन टोके दिसतात. एक पक्ष म्हणतो की, व्यापाऱ्याच्या मुलास असल्या कागदाची गरज काय? दुसरा पक्ष म्हणतो की, हल्ली हा कागद नसेल तर पुण्यात, हैदराबादेत कोणी दारात उभे करीत नाही, तेव्हा कसाही मिळवावा. दोन्ही पक्षांशी आमचा मतभेद आहे. पहिल्याशी थोडा, दुसऱ्याशी फार.

पहिल्या पक्षाचे म्हणणे किराणा, कापड, धान्य यांच्या नित्य व्यापारापुरते खरे आहे. या शास्त्रात 'प्रोजेक्ट' म्हणजे ज्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि जे पूर्वी तसेच्या तसे केलेले नाही असे काम. रोज सकाळी दुकान उघडणे, माल उतरविणे, उधारी वसूल करणे हे काम नित्याचे. त्याला शेवट नाही आणि नसावा हीच आपली इच्छा. ज्याला गादीवरच बसावयाचे आहे त्याने या परीक्षेवर फी आणि वर्षभराची रात्रीची झोप खर्च करू नये. पण नवे गुदाम, शीतगृह, तेलाची गिरणी, दुसऱ्या गावी शाखा, किंवा वह्या मिटवून सर्व हिशेब संगणकावर नेणे ही कामे नित्याची नव्हेत. आणि व्यापाऱ्याचा पैसा बुडतो तो बहुधा अशाच कामांत.

आमचाच दाखला देतो. 2018 साली आम्ही पाच हजार चौरस फुटांचे गुदाम बांधावयास काढले. पाया आणि खांब एप्रिलअखेर उभे राहणार होते. छपराच्या लोखंडी कैच्या तयार होण्यास सहा आठवडे लागतात, म्हणजे मार्चच्या मध्यास त्यांची ऑर्डर जावयास हवी होती. आम्ही व्यापारी पडलो. कैचीवाल्याशी दरासाठी तीन आठवडे घासाघीस केली आणि चाळीस हजार रुपये वाचविले म्हणून घरी पेढे वाटले. कैच्या उशिरा आल्या, त्या चढेपर्यंत जून उजाडला आणि पत्रे पडण्यापूर्वी बेळगावचा पाऊस पडला. भरावात पाणी साचले, फरशीचे काम ऑक्टोबरपर्यंत करता आले नाही. भाड्याच्या गुदामाचे महिना तीस हजारांप्रमाणे पाच महिने जास्त भरले, म्हणजे दीड लाख. त्याच इमारतीच्या दरवाजांच्या रंगाचा सौदा मात्र आम्ही पाच मिनिटांत उरकला होता. त्या कामास अडीच महिने सवड होती. तेथे हवी तेवढी घासाघीस करता आली असती.

कोणत्या कामाचा एक दिवस गेला तर सगळ्या कामाचा एक दिवस जातो, आणि कोणत्या कामास सवड आहे, हे आधी शोधून काढण्याची एक रीत आहे. अमेरिकेत 1957 च्या सुमारास ड्यू पाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या माणसांनी ती बसविली. लगेच 1958 साली तेथील आरमाराने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तशीच दुसरी रीत काढली. परीक्षेत हे सर्व येते. भाच्याने आमच्या गुदामाचा तक्ता कागदावर काढून दाखविला तेव्हा आमची चूक अर्ध्या तासात दिसली. पेढीवरील चाळीस वर्षांनी ती दाखविली नव्हती.

याच विद्येतील दुसरा एक हिशेब व्यापाऱ्यास विशेष आवडेल. समजा, काम वीस लाखांचे आहे. आजच्या तारखेस निम्मे, म्हणजे दहा लाखांचे काम व्हावयास हवे होते. वहीत खर्च अकरा लाख पडला आहे. आपण म्हणतो, एक लाख जास्त गेला, सांभाळून घेऊ. पण जागेवर जाऊन मोजले तर काम शेकडा चाळीसच झालेले, म्हणजे आठ लाखांचे. अकरा लाख देऊन आठ लाखांचा माल पदरात पडला. हीच चाल राहिली तर वीस लाखांचे काम साडेसत्तावीस लाखांस जाईल. खर्चाची वही आणि कामाचे माप एकत्र ठेवल्याखेरीज हा आकडा दिसत नाही. आपल्या रोजमेळात पहिली बाजू चोख असते, दुसरी बाजू कोणी लिहीतच नाही.

येथे कोणी वालचंद हिराचंदांचे नाव काढील, आणि काढतातच. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडले आणि पुढे रेल्वेची कंत्राटे, जहाजे, साखर कारखाना, 1940 साली बंगळूरचा विमानांचा कारखाना अशी एकाहून एक मोठी कामे उभी केली. त्यांच्यापाशी कोणते प्रमाणपत्र होते? नव्हतेच. त्यांचे निधन 1953 साली झाले आणि ही परीक्षा पुढे एकतीस वर्षांनी निघाली. पण कंत्राटाच्या धंद्यात उतरताना त्यांनी भागीदार कोण घेतला हे पाहावे. रेल्वेतील कामाची माहिती असलेले लक्ष्मणराव फाटक त्यांनी सोबत घेतले. ज्याने काम केलेले आहे त्याची किंमत वालचंदांस कळत होती. त्यांचे नाव अनुभवाच्या बाजूने घेता येईल, शिक्षणाच्या विरुद्ध घेता येणार नाही.

उलट बाजूस, ही विद्या सर्व संकटे टाळते असेही नव्हे. कोकण रेल्वेचे काम 1990 साली सुरू झाले आणि पूर्ण मार्ग जानेवारी 1998 मध्ये खुला झाला. श्री. ई. श्रीधरन यांच्यासारखा काटेकोर माणूस प्रमुख असूनही पेडण्याच्या बोगद्यातील मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली, आणि गोव्यात मार्गाच्या आखणीस लोकांचा मोठा विरोध झाला. मातीला तक्ता समजत नाही, माणसांना विचारावे लागते. 2021 च्या नव्या रचनेत या परीक्षेतील शेकडा 42 प्रश्न माणसे सांभाळण्यासंबंधी ठेवण्यात आले, ते योग्यच झाले.

आता दुसऱ्या पक्षाकडे येतो. कसाही मिळवावा, असे म्हणणारांस आमचा विरोध आहे, आणि तो उपदेश म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांच्या मुलास आम्ही आमच्या पेढीच्या कागदावर अनुभवाचे पत्र दिले होते. दोन वर्षे कामावर देखरेख केली असे त्यात लिहिले. प्रत्यक्षात तो मुलगा आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत येऊन बसत असे. वडिलांची ओळख जुनी, नाही म्हणवेना. त्या पत्रावर त्याला परगावी बांधकामावर जबाबदारीची जागा मिळाली. सहा महिन्यांत त्याला ती सोडावी लागली. तेथील मालकाचा आम्हांस फोन आला. ते रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "शेठजी, हे पत्र आपणच दिले होते ना?" आम्ही होय म्हणालो. त्या गृहस्थांनी आमच्याकडून पुढे माल घेतला नाही, आणि आम्हीही मागे लागलो नाही. मुलगा वर्षभर घरी बसला. आता बरा आहे, पण आमच्या दुकानावरून जाताना तो रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

पी. एम. पी. च्या अर्जात लिहिलेला अनुभव संस्था सरसकट तपासीत नाही. काही अर्ज मधूनच उचलून त्यांची छाननी करते. अर्ज छाननीस निघाला तर ज्याच्या हाताखाली काम केले त्याची सही आणून द्यावी लागते, आणि उमेदवारास त्यासाठी नव्वद दिवस मिळतात. आपला अर्ज निघणार नाही, या भरवशावर पुष्कळजण लिहितात. निघालाच तर मामा आहेत, काका आहेत, पेढीचा शिक्का आहे. ज्या संस्थेची मान्यता हवी तिच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, निःपक्षपात आणि प्रामाणिकपणा ही चार तत्त्वे आहेत, आणि त्यांवर परीक्षेस बसण्यापूर्वीच सही करावयाची असते. एका सहीने प्रामाणिकपणा कबूल करावयाचा आणि दुसरी मामाकडून खोटी आणावयाची, हा व्यवहार आमच्या समजुतीपलीकडचा आहे.

म्हणून आम्ही सही केली नाही. भाच्याची आई, आमची धाकटी बहीण, दोन महिने आमच्याशी बोलली नाही. शेवटी बोलली ती एवढेच, "अण्णा, परक्याच्या मुलाला दिलीत आणि माझ्याच मुलाला नाही?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिचा आक्षेप खरा होता.

पुढे आम्ही दोघांनी बसून महिने मोजले. गुदामाच्या कामावर तो खरोखर उभा होता ते अकरा महिने. संगणकावर हिशेब नेण्याचे काम त्याने स्वतः चालविले ते सात महिने. एका मित्राच्या शीतगृहाच्या उभारणीत चार महिने होते, पण त्यांतील दोन हिशेबाच्या कामाबरोबर एकाच वेळी पडत होते, म्हणून दोनच धरले. एकूण वीस. चुलत्याने सांगितले की सी. ए. पी. एम. नावाची धाकटी परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही, 23 तासांचे शिक्षण पुरते. ज्या मुलांचे महिने भरलेले नाहीत त्यांनी ती आधी द्यावी असे आम्हांसही वाटते. भाच्याने ती दिली नाही. त्याने एक वही घातली.

आपल्या मंडळाने याबाबत एक गोष्ट करावी अशी आमची सूचना आहे. सभासदांकडे निघणारी बांधकामे, शाखा, यंत्रांची उभारणी यांची माहिती मंडळाच्या कार्यालयात ठेवावी आणि परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या मुलामुलींस तेथे खरे काम द्यावे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. गेल्या चार-पाच वर्षांत निदान तीन सभासदांच्या घरची कामे सुनांनी पार पाडलेली आम्ही पाहिली, आणि कागदोपत्री नाव मात्र मुलाचे आहे. ज्याने काम केले त्याचे नाव लागले तर निम्मे प्रश्न तेथेच मिटतील. कामाच्या अखेरीस मालकाने तारीखवार महिने लिहून सही द्यावी. अशी सही करावयास आमचा हात अडणार नाही.

भाचा सध्या हुबळीस एका गिरणीच्या उभारणीवर आहे. परवा अमावास्येला घरी आला होता. वहीत एकतीस महिने झाले आहेत.